धरलेला हात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, खुर्च्यांमधल्या वाटा भरल्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं चढून बसली, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते दारात टाचा उंचावून उभे राहिले. समोर मंचावर पांढऱ्या कापडानं मढवलेली उंच खुर्ची होती. तिच्यावर पांढऱ्या कपड्यांतल्या अक्षरमाई बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी, बुटक्या स्टुलावर, नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. मांडीवर पाटी होती. माईंनी मागून, त्याच्या खांद्यावरून हात खाली आणून त्याचं मनगट धरलं होतं आणि खडू पाटीवर झरझर चालत होता.

"मी... मंद... नाही," निवेदक एकेक शब्द माइकमध्ये सोडत होता. "मी... फक्त... बंद... होतो."

सगळ्या सभागृहानं एकदम श्वास आत घेतला. पहिल्या रांगेत बसलेले निवृत्त बँक अधिकारी चष्मा काढून डोळे पुसू लागले. आयुष्यभर सही जुळल्याशिवाय ज्यांनी कुणाला दमडी दिली नाही, ते गृहस्थ इथे कुणाचं हस्ताक्षर आहे हे विचारायलाही तयार नव्हते.

"डॉक्टर म्हणाले होते, हे मूल कधी अक्षर काढणार नाही," निवेदकानं आवाज चढवला. "डॉक्टरांकडे पदव्या आहेत. माईंकडे चावी आहे. कुलूप कुणी उघडलं?"

"माईंनी!" सभागृह म्हणालं.

दोघी बहिणींतली थोरली मागच्या भिंतीला टेकून उभी होती. सकाळची पाळी संपवून ती रुग्णालयातून तशीच, गणवेशावर आली होती. बावीस वर्षं प्रसूती वॉर्डात काढलेली परिचारिका ती. बाळ रडलं की कान टवकारायचे आणि माणसं रडली की डोळे उघडे ठेवायचे, ही सवय तिला नोकरीनं लावली होती. ती मुलाकडे बघत होती. पाटीवर इतकं मोठं आत्मज्ञान उतरत असताना तो पोरगा छताच्या पंख्याकडे बघत होता. एकदाही त्यानं पाटीकडे पाहिलं नाही. थोरलीला प्रश्न पडला की न बघता इतकं ओळीत लिहिणारा माणूस आपण आजवर कुठे पाहिलाय. वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांना तर बघूनही ओळीत लिहिता येत नव्हतं.

"पुढचं मूल," निवेदक म्हणाला.

पुढचं मूल म्हणजे बिट्टी, थोरलीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. सहा वर्षांची, दोन वर्षांच्या मुलाएवढं बोलणारी. धाकटी तिला कडेवर घेऊन मंचावर चढली. तिला स्वतःलाच पाचवा महिना होता, त्यामुळे पायऱ्या चढताना तिनं कंबरेवर हात ठेवला. बिट्टीला स्टुलावर बसवलं गेलं. माईंनी मनगट धरलं, डोळे मिटले, मग उघडले, आणि खडू चालायला लागला. बिट्टीला माईंच्या बाहीची झालर आवडली होती. ती डाव्या हातानं झालर ओढत होती आणि उजव्या हातानं, म्हणे, आईला पत्र लिहीत होती.

"आई," निवेदक वाचू लागला, "मी... पोटात... होते... तेव्हा... तू... मला... नको... म्हणालीस."

धाकटी मंचावर बसली ती बसलीच.

माईंचा आवाज पाकात बुडवून काढलेला होता. "रडू नकोस, पोरी. पोटातलं मूल सगळं ऐकतं. तू दार लावलंस, ते आत राहिलं. तुमच्या गल्लीत अकरा मुलं अशी आहेत ना? अकरा आयांनी दारं लावली. आता दुसरं येतंय, त्याच्यासाठी तरी दार उघड. बाळ होईपर्यंत एक वेळ जेव. आणि त्या सरकारी गोळ्या बंद कर. गोळ्यांत धातू असतो. धातू अक्षर बांधून ठेवतो."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लोहाच्या गोळ्या ती स्वतः बहिणीला दर महिन्याला मोजून देत होती. धाकटीच्या अंगात रक्त किती कमी होतं ते तिला पाठ होतं. आणि धाकटीच्या घरात दुसऱ्याच धातूची पूड उंबऱ्यापर्यंत पसरलेली असताना माईंना नेमक्या गोळ्यांतल्याच धातूची काळजी लागली होती.

त्या घराचं काम असं होतं. गल्लीतली बहुतेक घरं जुन्या बॅटऱ्या फोडत. शेठचा टेम्पो मोठमोठ्या गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या दारात टाकून जाई. पुरुष हातोड्यानं त्या फोडत, आतलं पाणी गटारात ओतत, शिशाच्या पट्ट्या काढत. बायका उंबऱ्यात बसून पट्ट्यांवरची करडी पूड खरवडत. अंगणात लोखंडी कढई चुलीवर चढे, शिसं वितळे, साच्यात ओतलं जाई, आणि संध्याकाळी शेठचा टेम्पो विटा घेऊन जाई. पूड मात्र टेम्पोत जात नसे. ती गल्लीतच राही, कपड्यांवर, उंबऱ्यावर, रांगणाऱ्या पोरांच्या तळहातांवर.

आणि त्या गल्लीचा एक रिवाज होता. घरात बाळ यायचं असलं की बाप सर्वांत मोठ्या बॅटरीचं काळं कवच निवडायचा, आतले पडदे करवतीनं कापून काढायचा, कडा घासून गुळगुळीत करायचा आणि बाळाला आंघोळीचा टब बनवायचा. बाजारातून टब आणणारा बाप गल्लीत आळशी ठरे. बिट्टीच्या बापानं बिट्टीसाठी केला होता, त्यावर पिवळ्या रंगानं फूलही काढलं होतं. आता दुसरा टब तयार होऊन खाटेखाली ठेवलेला होता. थोरलीनं स्वतः बिट्टीला पहिल्या टबात दोन महिने आंघोळ घातली होती, आणि "काय हात आहे हो तुमचा," म्हणून बापाचं कौतुकही केलं होतं. बावीस वर्षांची नोकरी, आणि त्या कवचात शिशाची पूड राहते हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. महिन्यापूर्वी आरोग्य खात्याची गाडी गल्लीत येऊन पोरांचं रक्त घेऊन गेली, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवसापासून तिला स्वतःचाही राग येत होता, पण तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

रक्ताची गाडी येऊन गेली आणि पंधरा दिवसांत अक्षरमाई आल्या. सभागृहाच्या फलकावर सौजन्य म्हणून शेठचं नाव होतं. शेठ पहिल्या रांगेत, बँक अधिकाऱ्यांच्या शेजारी, हात जोडून बसला होता. दोन आणि दोन किती होतात हे कळायला पाटीची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी थोरली बहिणीच्या घरी गेली. धाकटी जेवायला बसली नव्हती.

"एक वेळचं झालं माझं," ती म्हणाली.

"झालं म्हणजे काय खाल्लंस?"

"ताई, तू नको आता सुरू करूस."

"गोळ्या कुठे आहेत?"

धाकटीनं फळीवर बोट दाखवलं. गोळ्यांचं पाकीट न फोडता पडलं होतं. त्याखाली रक्ताच्या अहवालाचा लिफाफा होता, तोही न फोडता.

"तो का नाही उघडलास?"

"माई म्हणाल्या, कागदावर आकडा लिहिला की मूल त्या आकड्यात अडकतं."

थोरली खाटेवर बसली. बिट्टी जमिनीवर चित्रांचं पुस्तक उलटं धरून बसली होती. थोरलीनंच ते आणलं होतं. त्यातली पाच चित्रं बिट्टीला ओळखता येत, आणि पाचही ती स्वतःच्या भाषेत सांगे. चेंडू म्हणजे "बो". मांजर म्हणजे "म्यॅव". पुस्तक उलटं असलं तरी मांजर तिला सापडलं होतं.

"म्यॅव," ती मावशीला म्हणाली.

"हो गं बाई, म्यॅव." थोरली बहिणीकडे वळली. "मला एक सांग. तू नको म्हणाली होतीस, हे खरं?"

धाकटीनं बराच वेळ साडीचा पदर बोटाला गुंडाळला. "एकदाच. उलट्या थांबेनात, एकोणीस वर्षांची होते. रागात म्हटलं. ताई, हे मी तुलासुद्धा सांगितलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही. मग तिनं कसं लिहिलं?"

"कुणालाच नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगणार?"

"आठव. सभागृहाबाहेर रांगेत किती वेळ होतीस?"

"दोन तास." धाकटी थांबली. "एक बाई पाणी देत होत्या. त्यांचाही मुलगा असाच आहे म्हणे. रडत होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, माझ्याच हातून चूक झाली, मी पोटुशी असताना..." ती पुन्हा थांबली. "मग मीही सांगितलं."

"त्या बाईंचा मुलगा पाहिलास?"

"नाही."

"ती पाणीवाली बाई आणि तो माइकवाला एकाच गाडीतून गेले. मी डोळ्यांनी पाहिलं."

"म्हणून काय झालं? सेवा करत असतील." पण धाकटीचा आवाज बसला होता. मग तो एकदम चढला. "आणि समज ते खोटं. मग खरं काय? माझीच पोर अशी का? तुझ्या वॉर्डात हजार पोरं होतात, त्यांच्या आया काय रोज ओव्या गातात?"

"हजारातली काही अशीच होतात," थोरली म्हणाली. "कधी बाळ उशिरा रडतं, डोक्याला श्वास कमी पडतो. कधी कावीळ वाढेपर्यंत कुणी आणतच नाही. कधी आईच्याच अंगात रक्त नसतं, पोटाला नसतं. कधी बीजातच काही बिघडलेलं असतं आणि कुणाचाही दोष नसतो. आणि कधी रांगणाऱ्या पोराच्या तळहाताला शिसं लागतं, ते तोंडात जातं, तिथून रक्तात, रक्तातून डोक्यात. चाळीस-बेचाळीस घरं आहेत तुमची. अकरा मुलं. पलीकडच्या गल्लीतल्या आया काय फार गोड बोलतात का गं? मी ऐकलंय त्यांचं. नळावर कानात बोटं घालावी लागतात."

धाकटी हसली नाही. "पण माझी पोर लिहिते," ती म्हणाली. "तू वाचलंस ना? ती आत आहे, ताई. सगळं समजतं तिला. एवढं तरी मला ठेवू दे."

थोरली बिट्टीकडे बघत राहिली. माई चोर होती हे तिला केव्हाच कळलं होतं, पण काय चोरलं हे तिला आत्ता कळलं. जी पोर समोर बसून मांजर ओळखत होती, तिच्या आईला ती दिसेनाशी झाली होती. आई पाटीवरच्या पोरीच्या प्रेमात पडली होती. आणि तिच्या पोटातलं, अजून न जन्मलेलं, एक वेळच्या जेवणावर होतं आणि त्याचा टब खाटेखाली तयार होता.

पुढच्या आठ दिवसांत थोरलीनं वॉर्डातून सलाइनच्या बाटल्यांचा एक रिकामा खोका आणला. त्याची एक बाजू कापून उघडी केली, वरच्या झाकणाला हाताच्या पंज्याएवढी खिडकी पाडली, मध्ये आडवा पुठ्ठा घातला आणि सगळं चिकटपट्टीनं घट्ट केलं. मग बिट्टीचं पुस्तक समोर ठेवून चार चित्रं काढली. वॉर्डातल्या मावशीबाई म्हणाल्या, "हे काय, सिस्टर, पोरखेळ?" थोरली म्हणाली, "हो. पोरीसाठीच आहे."

दुसऱ्या बैठकीला गर्दी आणखी वाढली होती. निवेदकानं आपला नेहमीचा हातखंडा प्रयोग केला. दोन्ही हात पसरून तो म्हणाला, "कुणाला शंका असेल तर त्यानं मंचावर यावं. माईंचा दरबार शंकेला घाबरत नाही." असं म्हटलं की कुणी येत नाही, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. थोरली खोका काखेत मारून मंचावर चढली.

गणवेश पाहून निवेदक क्षणभर गडबडला, पण माणूस कसलेला होता. "बघा," तो म्हणाला, "आज रुग्णालयसुद्धा माईंच्या पायाशी आलं."

"आले खरी," थोरली नम्रपणे म्हणाली. "मी बिट्टीची मावशी. माझं फार काही म्हणणं नाही. मुलीला चित्र दाखवते, तिनं त्याचं नाव लिहावं. माझ्या मनाचं समाधान होईल. लेकरू बुजू नये म्हणून चित्र खोक्यात ठेवते. माईंनाही दिसावं म्हणून वर खिडकी ठेवलीय."

"मला बघायची गरज नसते," माई म्हणाल्या. "मी फक्त आधार देते. लिहितो तो आत्मा."

"तर काय. पण असू द्या आपली."

बिट्टी स्टुलावर बसली. धाकटी तिच्या शेजारी जमिनीवर, तिच्याच उंचीला बसली. थोरलीनं खोका उघड्या बाजूनं बिट्टीसमोर धरला. ज्यांना बघायची गरज नसते त्या माईंनी उंच खुर्चीतून मान पुढे काढली आणि खिडकीतून आत पाहिलं. मग मनगट धरलं.

"बो," बिट्टी म्हणाली.

"चें... डू," निवेदकानं पाटी वाचली.

थोरलीनं खोक्यातून चेंडूचं चित्र काढून सगळ्यांना दाखवलं. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. थोरलीनंही टाळ्या वाजवल्या. निवृत्त बँक अधिकारी शेजाऱ्याला म्हणाले, "आता काय म्हणतील सिस्टर?" शेठ रेलून बसला.

"आणखी एकदा," थोरली म्हणाली. तिनं पाठ फिरवून खोक्यातली चित्रं बदलली आणि खोका परत समोर धरला. माईंनी आता जरा जास्तच डौलात मान वाकवली, पाहिलं, डोळे मिटले. खडू चालायला लागला.

"म्यॅव," बिट्टी म्हणाली.

"शू, बाळा," निवेदक म्हणाला. "आत्मा लिहितोय."

"म्यॅव! म्यॅव!" बिट्टीनं डावा हात खोक्यात घातला. तिला मांजर बाहेर काढायचं होतं.

"गप्प बसवा हो तिला," निवेदक धाकटीला म्हणाला, आणि पाटी उचलून त्यानं ती माइकजवळ नेली. "चा... वी. चावी! मंडळी, योगायोग बघा. कुलपातून सुटलेल्या लेकरानं काय लिहावं, तर चावी!"

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत थोरली थांबली.

"माई, आत काय होतं?"

"मुलीनं लिहिलंय ना. चावी."

"तुमची खात्री आहे?"

"आत्मा चुकत नाही," माई म्हणाल्या.

थोरलीनं बहिणीकडे पाहिलं. धाकटी खोक्याकडे बघत होती.

"तू पोरीच्या शेजारी बसली आहेस," थोरली म्हणाली. "पोरीला दिसलं तेच तुला दिसलं. काय होतं?"

निवेदकानं माइक बाजूला नेला, पण सभागृह इतकं शांत झालं होतं की त्याची गरज पडली नाही.

"मांजर," धाकटी म्हणाली.

थोरलीनं खोका दोन्ही हातांनी फाडला आणि सभागृहाकडे धरला. मधल्या आडव्या पुठ्ठ्यावर, वरच्या खिडकीतून दिसेल असं, चावीचं चित्र होतं. पुठ्ठ्याच्या खाली, मागच्या भिंतीवर, समोर बसलेल्यालाच दिसेल असं मांजर होतं.

"पहिल्या वेळी दोन्हीकडे चेंडू होता," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळी वरून चावी, समोरून मांजर. मुलीनं चावी पाहिलीच नाही. चावी एकाच माणसानं पाहिली, ज्यांना बघायची गरज नसते त्यांनी. मुलीनं मांजर पाहिलं आणि तीनदा सांगितलं, आपल्या तोंडानं. तुम्ही तिला गप्प बसवलंत."

माईंनी तोंड उघडलं. "अशुद्ध भावनेनं ऊर्जेची दिशा बदलते. या बाईंच्या मनात—"

"माझ्या मनात मांजर होतं, बाई. चावी तुमच्या डोळ्यात होती."

"सगळ्या मुलांचं अक्षर एकसारखं कसं?" खिडकीच्या कट्ट्यावरून कुणीतरी विचारलं.

"आत्म्याचं हस्ताक्षर एकच असतं," निवेदक घाईनं म्हणाला. याही उत्तरावर आठ दिवसांपूर्वी टाळ्या पडल्या असत्या. आज लोक हसले.

हसला नाही तो एकच माणूस, मागच्या वेळच्या त्या मुलाचा बाप. तो उभा राहिला. "म्हणजे माझ्या पोरानंसुद्धा काही नव्हतं लिहिलं?" त्यानं विचारलं. थोरलीला त्याच्याकडे बघवेना. "नाही, दादा," ती म्हणाली. "नव्हतं लिहिलं." तो खाली बसला, खिशातून रुमाल काढला आणि त्यानं मुलाचं तोंड पुसलं.

धाकटी उठली. पोटाला हात लावून ती माईंच्या उंच खुर्चीसमोर उभी राहिली.

"मग त्या दिवशी," तिनं विचारलं, "आई, तू मला नको म्हणालीस, हे मला कोण म्हणालं?"

माईंनी निवेदकाकडे पाहिलं. निवेदकानं शेठकडे पाहिलं. शेठची खुर्ची रिकामी होती. त्यानं केव्हाच काढता पाय घेतला होता.

"आठ दिवस मी जेवले नाही नीट," धाकटी म्हणाली. "तुम्ही माझ्याच लेकीचा हात धरून माझ्या तोंडात मारलीत."

मग गोंधळ उसळला. कुणी दार अडवा म्हणत होतं, कुणी पाणीवाल्या बाईला शोधत होतं. निवृत्त बँक अधिकारी सगळ्यांना सांगत होते की त्यांना पहिल्यापासूनच संशय होता. या सगळ्यात धाकटी मंचाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "ताई, तुझ्या पिशवीत काही खायला आहे?" थोरलीच्या डब्यात दोन उकडलेली अंडी आणि एक केळं होतं. धाकटीनं दोन्ही अंडी तिथेच खाल्ली. केळं निम्मं बिट्टीनं नेलं.

रात्रीच्या आत लिफाफा फुटला. बिट्टीच्या रक्तातल्या शिशाचा आकडा वाचून थोरलीनं कागद घडी करून ठेवला. शिसं किती चालतं, असा प्रश्न बिट्टीच्या बापानं विचारला. अजिबात चालत नाही, असं तिनं सांगितलं. मग त्यानं खाटेखालचा नवा टब ओढून काढला, त्याच्या गुळगुळीत कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ताई, मी स्वतःच्या हातानं केलं का हे?"

"तुम्ही टब केलात," थोरली म्हणाली. "त्याच टबात मी तिला न्हाऊ घातलं. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ज्याला माहीत होतं त्यानं सभागृहाचं भाडं भरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनं गोदामाचं दार उघडलं तेव्हा दारात काळे टब रांगेनं मांडलेले होते. कुणावर फूल होतं, कुणावर मासा, एकावर बाळाचं नाव. शेठला गाडी बाहेर काढता येईना.

आता या गोष्टीत एखाद्याला वाटेल की शेवटी चमत्कार होईल. झाला नाही. डोक्यात गेलेलं शिसं जे बिघडवतं ते बहुतेक परत मिळत नाही, आणि मिळवून देतो म्हणणाऱ्याचा पहिला हात आपल्या गळ्यापाशी असतो. पण पुढचं थांबवता येतं. कढई घरातून आणि अंगणातून बाहेर निघाली. पुरुष कामाचे कपडे कामाच्या जागीच काढून, हातपाय धुऊन घरी येऊ लागले. उंबरे ओल्या फडक्यानं पुसले जाऊ लागले. धाकटीनं दोन्ही वेळा जेवून, गोळ्या खाऊन दिवस भरले आणि वॉर्डात, थोरलीच्याच हातात, मुलगा झाला. जन्मताच रडला, चांगला कान बधिर होतील असा रडला. त्याची आंघोळ बाजारातल्या टबात होते. अकराही मुलांची तपासणी झाली, आणि ज्या मुलांना दोन शब्द येत होते त्यांना तिसरा शिकवायला एक बाई गल्लीत येऊ लागल्या. बाई हळू शिकवतात आणि पुष्कळ वाट बघतात. त्यांचं काम बघायला तिकडे गर्दी होत नाही.

सांगायचं ते इतकंच. मूल असं का झालं, हा प्रश्न विचारणाऱ्या आईला उत्तर हवं असतं, आणि उत्तर देणारे दोन प्रकारचे असतात. एक आधी आईकडे बोट दाखवतो. दुसरा आधी रक्त बघतो, पाणी बघतो, ताट बघतो, बापाचे कामाचे कपडे बघतो, बाळ जन्मताना जवळ कोण होतं ते विचारतो. पहिल्याला टाळ्या मिळतात. तुम्ही दुसऱ्याकडे जा. आणि कुणी तुमच्या मुलाचा हात धरून त्याच्या मनातलं सांगू लागला, तर त्याला हात सोडायला सांगा आणि मग काय उरतं ते बघा.

बिट्टी आता सात वर्षांची आहे. आठ महिने ती बाईंसमोर बसून फ्रॉकचं एकच बटण काजात घालायचा खटाटोप करत होती. परवा ते आत गेलं. धाकटी बाळाला पाजत होती, बाई खडू घेऊन भिंतीपाशी होत्या, मावशी वॉर्डात होती. बिट्टीचा हात कुणीही धरलेला नव्हता.